मास्तराचा कागद

"कागद दे रे भावेश. आनि जाड बघून दे. गेल्या साली दिलास त्याचा उन्हानं पापड झाला."

बोईसर स्टेशनजवळच्या त्या दुकानात दिनानाथ नळाचा वायसर घ्यायला आले होते. कागद मागणारी बाई आधी आली होती, म्हणून ते मागे उभे राहिले. कोणी आधी आलेलं नसतं तरी ते जरा मागेच उभे राहत. दुकानात खिळे होते, दोऱ्यांची भेंडोळी होती, पत्र्याच्या बादल्या होत्या. कागद मात्र कुठे दिसत नव्हता. भावेशने काही न विचारता फळीखालून निळ्या प्लास्टिकची एक घडी ओढली आणि बाईसमोर टाकली.

"हा घे कागद. याचा पापड होणार नाही. झालाच तर पराठा होईल."

"तुझ्या तोंडाचा होवो," असं म्हणत बाईने घडीचा कोपरा उलगडला आणि उजेडाकडे धरून त्यात भोकं आहेत का ते पाहू लागली.

दिनानाथ त्या निळ्या घडीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "याला... कागद म्हणतात?"

बाईने वळून पाहिलं. "मंग काय म्हनतात?"

"ताडपत्री."

"ती तुमची. आमचा कागदच."

दिनानाथ दुकानाच्या पायरीवर बसले. बसायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं.

"काका, पाणी देऊ?" भावेशने विचारलं. त्यांनी मानेने नको म्हटलं.

दिवाळीनंतर त्यांना मंगळीचं पत्र आलं होतं. त्याला त्यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र मात्र त्यांना पाठ होतं.

"मास्तरांस मंगळीचा नमस्कार. इकडं जमीन हालते. भिंतीला भेग गेली. आमी भायेर निजतो. थंडी हाय. कागद धाडा. मोठा धाडा. आमा सगल्यांना पुरल इतका. वाट बगते."

दिनानाथ कधीच मास्तर नव्हते. तारापूरच्या बाजूला एका कर्मचारी वसाहतीचं वाचनालय होतं, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली. मंगळी तेव्हा नवऱ्याबरोबर, अंकुशबरोबर, सालवडला खोली घेऊन राहत होती आणि वाचनालयाची झाडलोट करायची. कपाटं पुसताना ती पुस्तकांच्या पाठीवरच्या एकेका अक्षरावर फडकं थांबवून विचारायची, "ह्ये काय?" असं विचारता विचारता ती वाचायला शिकली. लिहायला शिकायला तिला जास्त वेळ लागला. अंकुशचं काम सुटलं आणि दोघं मनोरच्या पुढे डोंगराकडच्या आपल्या पाड्यावर परत निघाली, तेव्हा दिनानाथांनी स्वतःचा पत्ता लिहिलेली पाकिटं तिला दिली. म्हणाले, "कधी वाटलं तर पत्र टाक." त्यानंतर बरीच वर्षं काही आलं नाही. आलं ते हे.

आणि त्या पत्रातला 'कागद' शब्द वाचून ते हरखून गेले होते. कागद म्हणजे पत्र. जुन्या बखरींमध्ये, पेशव्यांच्या पत्रव्यवहारात तो शब्द याच अर्थाने त्यांना भेटत आला होता. "कागद पाठवणे", "कागद पावला". त्या दिवशी जेवताना ते सुनेला, हेमांगीला, म्हणाले होते, "बघ, पुस्तकातून गेलेला शब्द पाड्यावर कसा जिवंत राहतो."

"तुम्ही उत्तर टाका म्हणजे मंगळीही जिवंत राहील," हेमांगी म्हणाली होती. "ती माणसं उघड्यावर झोपतायत, बाबा. फोन करा ना."

पण पत्रात नंबर नव्हता. शिवाय दिनानाथांना फोनवर बोलणं कधीच जमलं नव्हतं. मंगळीने मोठं पत्र मागितलं होतं. सगळ्यांना पुरेल इतकं! त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र आलं: पाड्यावरची भेदरलेली माणसं कोंडाळं करून बसली आहेत, आणि मंगळी त्यांना मास्तरांचं पत्र वाचून दाखवते आहे. मग त्यांनी लिहायला घेतलं. जमीन का हलते ते लिहिलं, आणि ते भाषणासारखं झालं म्हणून फाडलं. धीर देणारं लिहिलं, ते खोटं वाटलं. आपण घरात बसून कुणाला धीर देणार, असं वाटून तेही फाडलं. मध्ये एकदा भर थंडीत अवकाळी पाऊस झाला. त्या संध्याकाळी त्यांनी खिडकी लावून घेतली आणि मसुद्यात पावसावर एक वाक्य लिहिलं. वाक्य बरं उतरलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलंही होतं.

पायरीवर बसून दिनानाथांना ते वाक्य आठवलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग ते उठले. "मलाही एक कागद द्या."

"कशावर टाकणार? गंजीवर, गाडीवर, का गच्चीवर?"

"माणसांवर."

भावेशचा हात थांबला.

"माणसं झोपणार आहेत खाली. मनोरच्या पुढे. जमीन हलते तिकडे."

भावेशने पुढे केलेली घडी मागे सारली. "मग हा नको. वाऱ्यात फडफडून फडफडून याच्या चिंध्या होतात." त्याने आतून दुसरी ओढली. दिनानाथांनी कोपऱ्यातल्या ट्रकच्या जाड, मेणचट ताडपत्रीकडे बोट केलं. सगळ्यात जाड तेच सगळ्यात चांगलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"ती घ्याल तर उचलायला दोन माणसं लागतील," भावेश म्हणाला. "भिजली की चार. बांबूसकट अंगावर येईल. मधला घ्या. काळा नको, दिवसा खाली भट्टी होते. निळा घ्या."

"रिंगा वढून बगा आजोबा," मघाची बाई म्हणाली. ती अजून गेली नव्हती. "काठात दोरी शिवलेली हाय का चाचपा. रिंग बोटानं निघाली तर वाऱ्यानं निघनारच."

दिनानाथांनी रिंग ओढली. निघाली नाही. काठ चाचपला, आत दोरी लागली.

"आणि किती माणसं?" भावेशने विचारलं.

"सगळ्यांना पुरेल इतका."

"सगळे म्हणजे किती?"

 मंगळीच्या घरात किती माणसं आहेत हे दिनानाथांना माहीत नव्हतं. एवढी पानं लिहून फाडली, पण हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"सगळ्यात मोठा द्या," ते खाली बघत म्हणाले. "आणि खाली अंथरायला एक हलका. दोरीही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीने त्यांना चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. "मी येऊ का?" तिने विचारलं. "नको," ते म्हणाले. कोणासमोर तरी आपली फजिती होणार हे त्यांना कळत होतं. ती सुनेसमोर व्हायला नको होती.

हायवेवर जीप बदलून, मग आतल्या रस्त्याने चालत ते पाड्यावर पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. भातं कापून झालेली होती. घरं उभी होती, पण दारं उघडी आणि आत कोणी नाही. माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं अंगणांत आणि शेतांत आलं होतं. बहुतेक खोपटांवर पिवळ्या रंगाचे सारखेच कागद होते.

एका पिवळ्या कागदाखाली बसून एक बाई तांदूळ निवडत होती. "कोन पायजे?"

"मंगळी... अंकुशची."

"तुमी कोन?"

"मी दिनानाथ. बोईसरहून आलो. वाचनालयात होतो."

बाईने त्यांच्या पाठीवरचा निळा गठ्ठा पाहिला. तिच्या हातातलं सूप थांबलं. मग ती हसायलाच लागली. मान मागे टाकून तिने आरोळी ठोकली, "मंगले! अगं ये मंगले! मास्तराचा कागद आला!"

या खोपटातून, त्या खोपटातून बायका बाहेर आल्या. त्याही हसत होत्या. आपल्या येण्याने माणसांना आनंद झाला, असं क्षणभर दिनानाथांना वाटलं आणि त्यांनी अवघडून नमस्कार केला. त्यावर हसू आणखी वाढलं.

मंगळी धावत आली. ती वाळली होती, केस पुढून पांढरे झाले होते. पण आधी तिची नजर गठ्ठ्यावर गेली आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर. "मास्तर! तुमी सोता आलात?"

अंकुश मजुरीला गेला होता; तिच्यामागून तिचा सासरा जिव्या काठी टेकत आला. त्याच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. "या," तो म्हणाला. "गप गं मैनाबाई. पावना हाय."

"मी काय वाईट बोलले? आला तर आला म्हनलं."

"का हसतात ते सांगतो," जिव्या म्हणाला. "नायतर तुमच्या मनात राहील. इथं आता म्हनच झाली हाय. रेशन आलं नाय, मास्तराचा कागद. जावाई सनाला येतो बोलला आनि आला नाय, मास्तराचा कागद. काल येष्टी चुकली तर पोरं काय बोलतात? मास्तराचा कागद!" तो स्वतःही हसला आणि मग खोकत राहिला.

मंगळी जमिनीकडे पाहत होती.

"आनि ह्यो बगा," मैनाबाईने डोक्यावरच्या पिवळ्या कागदाला टिचकी मारली. "ह्यो हिचाच. टेम्पो आला व्हता कागद वाटायला. शेवटाला येकच उरला, दोन घरं राहिली. हिचं नि माझं. तर ही काय बोलते? माझा टपालानं येतो हाय, मी लिवलंय, मैनाबाईला द्या. पाऊस आला तवा मी कोरडी नि ही भिजली. म्हातारा तवापासून खोकतो. मी बोलले, माझ्यात या, तर आली नाय. येल, येल, मास्तराचा येल."

"फ्लेक्स व्हता ना आमचा," मंगळी म्हणाली.

तिच्या अंगणापलीकडच्या शेतात दोन साड्या आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स जोडून केलेलं छप्पर होतं. फ्लेक्सवरचा माणूस उलटा हसत होता. मागे तिचं विटांचं पक्कं घर, आणि त्याच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग.

आता सांगायला हवं, असं दिनानाथांना वाटलं. सगळे समोर आहेत. मला शब्दच कळला नाही, एवढं एक वाक्य. त्यांनी तोंड उघडलं.

"तुमच्याजवल पैसं नसतील तवा," मंगळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पेन्शनीत कसं व्हनार? मी समजले व्हते."

सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहत होत्या.

"हो," दिनानाथ म्हणाले. "जरा... ओढाताण होती."

नंतर कागद बांधायचं काम सुरू झालं. ते बरं होतं, कारण त्यात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दिनानाथांनी घराच्या भिंतीला एक बाजू बांधावी असं सुचवलं आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. जिव्या म्हणाला, "जिच्याखालून पळालो तिलाच बांदू?" मोहाच्या झाडापासून रोवलेल्या बांबूपर्यंत आडवी दोरी ताणली. तिच्यावरून कागद टाकला. वाऱ्याकडची बाजू खाली, जमिनीलगत आणली. दुसरी उंच ठेवली. मध्ये झोळ राहिला तर पाणी साचतं, म्हणून जिव्या पुन्हा पुन्हा ओढायला लावत होता. जिथे रिंग नव्हती आणि दोरी हवी होती, तिथे मंगळीने कागदात एक गोटा गुंडाळून धरला आणि त्याच्या मानेशी बाहेरून दोरी आवळली. मैनाबाई कुदळ घेऊन आली आणि न सांगता वरच्या बाजूने पाण्याला चर पाडू लागली.

दिनानाथांच्या हाती एका कोपऱ्याची दोरी आली. ती खुंटीला बांधताना त्यांनी स्काउटच्या एका जुन्या पुस्तकातल्या चित्रांवरून शिकलेली, आयुष्यात कधी न वापरलेली एक गाठ मारली. जिव्याने ती ओढून पाहिली. गाठ दोरीवर सरकली आणि सोडली तशी घट्ट बसली.

"ही बरी हाय," तो म्हणाला. "दवानं दोरी ढिली पडते. ही सोडायला नको, सरकवली का झालं. कुठं शिकलात?"

"पुस्तकात."

मंगळीने चटकन मैनाबाईकडे पाहिलं. "ऐकलंस? पुस्तकात."

"ऐकलं. पुस्तकातनं दोरी आली, कागद नाय आला."

कागदाखाली चहा झाला. निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता. मंगळीची मुलगी दीपाली शाळेतून आली, आणि नवीन छताखाली आडवी होऊन वर बघत राहिली. दिनानाथांनी माणसं मोजली, मग हलकेच विचारलं, "पुरेल ना?"

"पाय लांब करून पुरल," मंगळी म्हणाली.

त्याच वेळी जमिनीखालून एखादा जड ट्रक गेल्यासारखं झालं. पितळीतला चहा थरथरला. मागे घराच्या भेगेतून मातीची बारीक धार गळली. दिनानाथांनी दोन्ही हातांनी जमीन धरली. वरचा कागद फक्त एकदा शहारला आणि स्थिर झाला.

"ही बारकी," जिव्या म्हणाला आणि त्याने चहा संपवला.

जीपच्या रस्त्यापर्यंत मंगळी त्यांना सोडायला आली.  मग म्हणाली, "मास्तर, येक बोलू? राग नका मानू."

"बोल."

"ह्यो टपालानं आला असता तर बरं झालं असतं."

"का गं?"

"तुमी आलात, चांगलंच झालं. म्हातारा आज सुका निजल. पन ह्या काय बोलतील? मास्तराला दया आली, म्हनून आला. माज्या लिवन्यानं नाय आला." ती पायाने खडा ढकलत होती. "पाड्यावर बायकांत मलाच लिवता येतं. तवा सगल्या बोलल्या, लिव, तुजा मास्तर हाय ना. लिवलं. येवढा पाऊस झाला, काय आलं नाय. आता काय काम पडलं, कोनाची पेन्शन अडली, तरी माज्याकडं कोन येत नाय. दीपाली पन बोलली, आये, तुला बराबर लिवता येत नसंल. रात्री पडल्या पडल्या मी तेच पत्र आठवते. काय चुकलं मास्तर माजं? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का?"

दिनानाथ तिच्याकडे बघू शकले नाहीत. लांबून जीपचा हॉर्न वाजला. आत माणसं खच्चून भरली होती, क्लीनर पत्रा बडवून घाई करत होता.

"लिहितो," ते म्हणाले. "मी तुला लिहितो." आणि पत्र्याला धरून आत शिरले.

घरी आल्यावर त्यांनी जेवणही टाळलं. हेमांगीने ताट झाकून ठेवलं. ते टेबलाशी बसले. पहिलं वाक्य आलं ते 'माझी प्रकृती ठीक नसल्यामुळे' असं. ते त्यांनी खोडलं. नवा कागद घेतला. या वेळी लिहायला वेळ लागला नाही.

"मंगळीस,

तुझं पत्र मिळालं होतं. त्यात काहीही चुकलं नव्हतं. तू कागद मागितलास तो कागदच. मला तो शब्द कळला नाही. मला वाटलं तू मोठं पत्र मागते आहेस. तेही मी पाठवलं नाही, कारण मला ते चांगलं लिहायचं होतं. पाऊस आला तेव्हा मी घरात बसून ते लिहीत होतो. माझी पैशांची ओढाताण नव्हती. तसं मी सगळ्यांसमोर म्हणालो ते खोटं होतं.

लिहिणारीचं बरोबर होतं. वाचणाऱ्याचं चुकलं. हे पत्र मैनाबाईंना, जिव्यांना आणि दीपालीला वाचून दाखव.

दिनानाथ"

हेमांगीने ते उभ्या उभ्या वाचलं. वाचून झाल्यावर तिने कागद घडी न करता टेबलावर ठेवला.

"बाबा, हे ती सगळ्यांसमोर वाचणार."

"हो."

"पाडाभर हसतील तुम्हाला."

"आत्ता तिला हसतात," दिनानाथ म्हणाले. "जेव तू. मला सकाळी लवकर जायचंय."

सकाळी पोस्टाची खिडकी उघडायच्या आधीच ते बाहेर उभे होते. रांगेत एक-दोघं त्यांच्यापुढे शिरले, तेव्हा नेहमीप्रमाणे त्यांनी काही म्हटलं नाही. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि पुन्हा थोडं मागे ओढलं. पत्रातली चार वाक्यं अजून गाळता येण्यासारखी होती.

"साधं?" आतल्या बाईने विचारलं.

"ज्याला पोस्टमन घरी जाऊन नाव पुकारतो ते."

"रजिस्टर म्हणा की. द्या इकडे." तिने पाकीट त्यांच्या बोटांतून काढून घेतलं, वजन केलं, पत्ता वाचला. "पाड्यावरचं आहे. घेणाऱ्याची सही लागेल. नाहीतर अंगठा."

"सही," दिनानाथ म्हणाले. मग रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहावं इतक्या मोठ्याने त्यांनी पुन्हा सांगितलं, "अंगठा नाही. ती सही करते."